डाव्या अंगाला ओढणारी जीप

आमची पहिली जीप डाव्या हाताची होती, म्हणजे तिचं चाक डावीकडं होतं. दुसरं महायुद्ध संपल्यावर सैन्यानं ज्या गाड्या लिलावात काढल्या, त्यांतली ती एक. माझ्या वडिलांनी ती अकोल्यात शेतीच्या कामासाठी घेतली होती. मी डॉक्टर होऊन तेल्हाऱ्यात दवाखाना काढला, तेव्हा त्यांनी ती माझ्या दारात आणून उभी केली. "तू बाळंतपणं करणार, आणि बायका राहतात खेड्यात. त्या तुझ्याकडं येऊ शकणार नाहीत, तुलाच जावं लागेल," एवढंच ते म्हणाले. पुढच्याच वर्षी ते गेले.

जीप चालवायला जे गृहस्थ आले त्यांना मी भाऊ म्हणत असे, कारण ते माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठे होते. ते मला बाई म्हणत. लढाईत ब्रह्मदेशाच्या बाजूला त्यांनी सैन्याचे ट्रक हाकले होते. माझ्याकडं आल्यावर काही महिन्यांनी ते घरच्या सगळ्यांना घेऊन नागपूरला गेले आणि दीक्षा घेऊन परत आले. परत आल्यावर पांढरा सदरा घालून दवाखान्यात आले, मला म्हणाले, "बाई, आमी आता बौद्ध झालो." मी म्हटलं, "चांगलं झालं, भाऊ." मग आम्ही एका गावाला निघालो, कारण तिथं एक बाई अडली होती.

तेल्हाऱ्याहून पूर्णेकडं सगळी काळी जमीन. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात ती चाकाला अशी धरते, की चाक आणि मडगार्ड यांच्यामधली जागाच बुजून जाते. तिथं साधी मोटार निरुपयोगी. जीपला मात्र एक दुसरा छोटा दांडा असायचा. तो ओढला की पुढची चाकंही जोर लावत आणि गाडी चारही पायांनी चालणाऱ्या जनावरासारखी चिखलातून वर येई. आमच्या जीपचा तो दांडा गेला. त्याच्या आतले भाग पूर्वी मुंबईच्या जुन्या बाजारात मिळत. पुढं तिथंही मिळेनासे झाले. मागच्या दोन चाकांच्या जोरावर आम्ही एक पावसाळा काढला. दुसराही निघेल असं आम्हाला वाटलं.

त्या भाद्रपदात एक माणूस सायकल खांद्यावर घेऊन दवाखान्यात आला. चिखलामुळं सायकलवर त्याला बसताच आलं नव्हतं. त्याच्या भावजयीला पहाटे मुलगा झाला होता, पण वार पडली नव्हती आणि रक्त थांबत नव्हतं. आम्ही लगेच निघालो. गावात पोचलो तेव्हा ती बाई शुद्धीवर होती, पण तिचे ओठ पांढरे पडले होते. मी वार काढली, रक्त बरंचसं आटोक्यात आणलं. पण अंगातलं इतकं गेलं होतं, की तिला अकोल्याला नेल्याशिवाय गत नव्हती. बाळ जावेजवळ ठेवून आम्ही तिला जीपमध्ये घेतलं. मागच्या बाजूला मी तिची नाडी धरून बसले. तिचं डोकं सासूच्या मांडीवर होतं.

गावाबाहेरच्या नाल्याच्या चढावर जीप अडकली. मागची चाकं जागच्या जागी फिरत होती आणि गाडी आणखी खाली रुतत होती. भाऊंनी चाकांखाली पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, काड्या घातल्या, स्वतःचं घोंगडं घातलं. माणसं वावरातून बैल आणायला धावली. लख्ख दुपार होती, पाऊसही थांबला होता. बैल आले, जुंपले, जीप वर निघाली, पण त्याच्या आधीच माझ्या बोटाखालची नाडी थांबली होती. मी सासूकडं पाहिलं. तिला कळलं. तिनं सुनेच्या तोंडावरचा चिखलाचा शिंतोडा पदरानं पुसला आणि मला म्हणाली, "बाई, आमी बैलगाडी जुपली होती. जीप येऊन राह्यली म्हनून सोडली."

त्या बोलण्यात राग नव्हता. जे घडलं ते ती सांगत होती.

दुसऱ्या दिवशी भाऊंनी जीप धुतली, हूडचं कापड वाळत घातलं आणि मला येऊन सांगितलं, "बाई, ही गाडी आता बाईमानसाच्या कामाची नाई राह्यली. मी तुमाले भेव दाखवून नाई राह्यलो. पन पुढच्या पावसाळ्यात मी हे चाक हातात धरनार नाई."

नवी जीप घेणं माझ्या आवाक्याबाहेरचं होतं आणि तिच्यासाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावंही लागे. म्हणून वापरलेलीच पाहायची ठरवलं. सगळा हिवाळा आम्ही अकोल्याच्या गॅरेजांमधून हिंडलो. एका जीपला इंजिन नव्हतं, एकीचा सांगाडा जोडकाम करून उभा केलेला होता, एक तर कुणाची आहे हेच विकणाऱ्याला सांगता येईना. चैत्र लागला तेव्हा मला काळजी वाटू लागली. तशात एका टायरवाल्यानं सांगितलं, की अमरावतीत बडनेरा रस्त्याला एक लाकडाचे ठेकेदार राहतात, म्हातारे आहेत, धंदा बंद केलाय, त्यांची जीप आहे.

आम्ही एस. टी.नं अकोल्याला आणि तिथून पॅसेंजरनं बडनेऱ्याला गेलो. जमलं तर त्याच दिवशी जीप घेऊन यायची म्हणून भाऊंनी पेट्रोलचा रिकामा डबासुद्धा बरोबर घेतला होता. बडनेऱ्याहून टांगा केला.

ठेकेदारांचं घर कौलारू, मोठ्या अंगणाचं. ते स्वतः पायरीवर उभे होते. उंच, ताठ, साठीच्या पलीकडचे, पांढरं धोतर आणि त्यावर बिनकॉलरचा कोट. सारी हयात मेळघाटच्या जंगलात सागाची लाकडं काढण्यात गेलेली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, भाऊंकडं पाहिलं आणि पुन्हा माझ्याकडं पाहिलं.

"डॉक्टर म्हनजे तुमीच का?"

"हो, काकाजी."

"अन् जीप तुमाले पाह्यजे?"

"मलाच पाहिजे. खेड्यात जावं लागतं."

"मंग चांगलं हाये," ते म्हणाले. "कोनाच्या शिकारीले देन्यापेक्षा ते बरं. या."

जीप गोठ्याशेजारच्या छपरात होती. हिचं चाक उजवीकडं होतं. भाऊंनी ती बाहेर उन्हात काढली आणि आम्ही तिच्याभोवती फिरलो. उजव्या बाजूनं ती नवी वाटावी अशी होती. रंग शाबूत, पायरी सरळ, हूडचं कापड घट्ट. डाव्या बाजूला आलो आणि मी थांबलेच. मडगार्ड ठोकून ठोकून सरळ केलेलं. दिवा बदललेला. पायरी वाकलेली. हूडच्या दांडीला पोचा, आणि बाजूच्या पत्र्यावर पुढून मागपर्यंत ओरखड्यांच्या रेघा, काही जुन्या गंजलेल्या, काही अगदी ताज्या.

काकाजींनी आमची नजर ओळखली. "मी लपवून नाई राह्यलो," ते म्हणाले. "गाडीत एकच खोड हाये. डाव्या अंगाले ओढते. साल दीड साल झालं. त्याच्याआंधी कधी नाई ओढली. तीन मिस्त्री झाले. चाकं बदलली, स्टेअरिंगचं सारं बदललं. कोनालेच सापडत नाई. चोर सारे. माह्या गावचा मिस्त्री, वीस साल माह्या गाड्या पाह्यल्या त्यानं, त्यालेबी मी उभं करनं सोडलं. तुमच्या ड्रायव्हरले सापडलं त पाहा. त्या हिशोबानंच भाव करू."

भाऊंनी आधी जीपखाली निजून सगळं पाहिलं. मग मला शेजारी आणि काकाजींना मागं बसवून गाडी रस्त्यावर काढली. गाव मागं पडल्यावर सरळ रस्ता लागला, तेव्हा त्यांनी चाकावरचे हात किंचित सोडले. जीप सरळ जात राहिली. त्यांनी वेग वाढवला, कमी केला, ब्रेक लावला, पुन्हा हात सोडले. एका सपाट पडीक वावरात उतरून छोटा दांडा ओढला. पुढची चाकं लगेच जोर धरू लागली. भाऊंच्या चेहऱ्यावर मी पुष्कळ दिवसांनी समाधान पाहिलं.

"काकाजी, गाडी सरळ चालते," ते म्हणाले.

"तुले नाई समजलं," काकाजी मागून म्हणाले. "उतर. मी दाखवतो."

जागा बदलल्या. काकाजी चाकावर, मी त्यांच्या डावीकडं, भाऊ मागं. ते चांगले चालवत होते. गिअर पाडताना आवाजसुद्धा होत नव्हता. पण मान ते थोडी डावीकडं वळवून धरत होते आणि गाडी हळूहळू रस्त्याच्या डाव्या कडेला सरकत होती. पुढं एक बाई डोक्यावर पऱ्हाटीचा मोठा भारा घेऊन डाव्या कडेनं चालली होती. ती मला बरीच लांबून दिसत होती. मला वाटलं, आता ते हॉर्न वाजवतील. मग वाटलं, आता बाजू देतील. मग मी ओरडले आणि चाकाला हात घालून ते उजवीकडं लोटलं.

जीप रस्त्याच्या मधोमध जाऊन थांबली. भाऱ्याला धक्का बसून ती बाई खाली पडली होती आणि काड्या सगळ्या रस्त्यावर पसरल्या होत्या. मी धावत गेले. तिचा गुडघा खरचटला होता, बाकी काही नव्हतं. ती उठली आणि जीपकडं पाहून ओरडली, "आंधया हायेस का रे? येवढी मोठी बाई दिसत नाई तुले?"

काकाजी चाकावर बसूनच होते. "कुठून आली ते?" त्यांनी मला विचारलं.

"आपल्या पुढंच चालत होती, काकाजी. लांबूनच दिसत होती."

"नाई दिसली."

"दिसत होती, काकाजी," भाऊ मागून हळूच म्हणाले.

भाऊ खाली उतरून त्या बाईच्या काड्या गोळा करायला लागले. मी जीपच्या पुढून फिरून काकाजींच्या समोर उभी राहिले. इतका वेळ डोळ्यांपुढं असलेली ती डावी बाजू मला आता वेगळीच दिसायला लागली होती.

"काकाजी, एक मिनिट माझ्या नाकाकडं पाहा. मान हलवू नका. माझा हात दिसला की सांगा."

उजवीकडून हात आणला तेव्हा ते लगेच म्हणाले, "हा दिसला." डावीकडून आणला. बोटं हलवत हलवत अगदी माझ्या चेहऱ्याजवळ आणली, तेव्हा म्हणाले, "आता दिसला."

"आता उजव्या डोळ्यावर तळहात ठेवा, आणि मी कुठं उभी आहे ते सांगा."

ते हसले. लहान मुलांचा खेळ खेळावा तसा त्यांनी तळहात डोळ्यावर ठेवला. हसू तसंच राहिलं आणि मग गेलं. त्यांनी हात काढला, पुन्हा ठेवला. पुन्हा काढला, पुन्हा ठेवला.

"कुठी हा तुमी?" ते म्हणाले.

मी त्यांच्या समोर हातभर अंतरावर उभी होते. तसं मी सांगितलं.

"सारं धुरकट हाये," ते म्हणाले. एवढं ऊन होतं. "काईच नाई दिसून राह्यलं."

दोन्ही डोळे उघडे असताना एक गेलेला माणसाला कळत नाही. दुसरा डोळा काम सांभाळून नेतो. आणि त्यांच्या दुसऱ्या डोळ्याचीसुद्धा डावीकडची बाजू गेली होती. मी डोळ्यांची डॉक्टर नव्हते, पण काचबिंदूचे रोगी शिकताना पाहिले होते. मी त्यांना जमेल तितकं सोपं करून सांगितलं. हा दुखत नाही, म्हणून कळत नाही. नजर कडेकडेनं आत येत जाते. गेली ती परत येत नाही. उरलेली मात्र औषधानं किंवा ऑपरेशननं टिकवता येते, पण लगेच दाखवलं पाहिजे. आणि तोपर्यंत गाडी चालवायची नाही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांचा चेहरा लाल झाला.

"तुमी गाडी घ्याले आल्या का माहे डोये पाहाले?"

"काकाजी..."

"भाव पाडाचा असंन त सरळ सांगा. मानसाले आंधया कराचं कारन नाई."

"भावाचं मी काही बोललेच नाही. गाडी चांगली आहे. ती कुठं ओढत नाही."

"मंग तीन मिस्त्री येडे हायेत का?"

"त्यांना काही सापडलं नाही म्हणाला होतात ना? सापडण्यासारखं काही नव्हतंच."

जीप सुरू करायला त्यांनी हात पुढं केला, तर चावी जागेवर नव्हती. भाऊ चाकाजवळ येऊन उभे होते. "चाबी माह्याजवळ हाये, काकाजी," ते म्हणाले. "मी नेतो. तुमी तिकडून बसा." काकाजींनी त्यांच्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता हात उगारतात की काय. पण ते उतरले, बॉनेटला हात लावत लावत पलीकडच्या बाजूला गेले आणि बसले. परतीच्या रस्त्यावर त्यांनी समोरचा दांडा घट्ट धरून ठेवला होता. अधूनमधून ते उजव्या डोळ्यावर हात ठेवत आणि काढत.

घरी आल्यावर ते उतरले आणि आमच्याकडं न पाहता म्हणाले, "मले गाडी विकाची नाई." आणि आत गेले.

त्यांच्या पत्नी आमच्यासाठी पाणी घेऊन आल्या होत्या. काय झालं ते त्यांना कळेना. मी त्यांना अंगणाच्या फाटकापाशी नेऊन सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि हातातलं तांब्याभांडं खाली ठेवायचं त्यांना सुचत नव्हतं.

"बाई," त्या म्हणाल्या, "साल झालं, ह्यायच्या ताटातली चटनी तशीच राहाते. मीठ, लिंबू, चटनी, डावीकडचं सारं तसंच. मी म्हनलं, माह्या हातची चव गेली. तीनतीनदा नवी चटनी वाटली. मंग त वाढनंच सोडलं." त्यांनी वळून घराकडं पाहिलं. "ते डोयाचं होतं का?"

"हो, काकू."

त्यांनी पदर तोंडाला लावला.

"नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात न्या त्यांना. याच आठवड्यात."

"माहं आयकतीन का ते?"

"ऐकले नाहीत, तर गाडीची चावी लपवून ठेवा. तेवढं तरी कराच."

पॅसेंजर गाडीत भाऊ रिकामा डबा पायांत धरून बसले होते. मूर्तिजापूर गेल्यावर ते म्हणाले, "बाई, गाडी हातची गेली."

"गेली."

"अशी आता भेटत नाई." बराच वेळ ते खिडकीबाहेर पाहत राहिले. "तुमी गप बसल्या असत्या, त आपन आता जीपमंदी असतो. पन मंग त्यायनं दुसरी घेतली असती. अन् दुसरीबी डाव्याच अंगाले ओढली असती."

ज्येष्ठ उजाडला. आभाळ भरून येऊ लागलं आणि आमच्या दारात ती जुनीच जीप होती. मी सरकारी दवाखान्याला कळवून ठेवलं, की पावसाळ्यात पूर्णेकाठच्या गावांना मी वेळेवर पोचू शकेन असं धरून चालू नका. हे कळवताना मला फार जड गेलं. गावोगावच्या सुइणींनाही मी सांगून ठेवलं, की बाई अडली तर माझी वाट न पाहता बैलगाडी जुंपा.

अशात एका सकाळी दवाखान्यापुढं हिरवी जीप येऊन थांबली. चाकावर एक अनोळखी तरुण होता, काकाजींचा जावई. शेजारी काकाजी आणि मागं काकू. काकाजी उतरताना काकूंनी त्यांचा डावा दंड धरला आणि त्यांनी तो धरू दिला.

मी खुर्च्या बाहेर टाकल्या. बसल्यावर ते थेट म्हणाले, "तुमी सांगतलं तेच निंगालं. डावा गेला. उजव्याचं ऑपरेशन झालं. थेंब देले हायेत, दिवसातून चार खेपा घालाचे. डॉक्टर म्हने, आनखी सा महिने गेले असते त दोन्ही गेले असते."

"आता कसं दिसतं?"

"समोरचं दिसते. तुमी दिसता. काठचं नाई दिसत." त्यांनी हात गुडघ्यावर ठेवले. "त्या दिवशी तुमी माह्या घरून बिना चाच्या गेल्या. आजवर माह्या दारातून कोनी तसं गेलं नाई."

"त्याचं काय एवढं, काकाजी."

"नाई, हाये."

मी चहा सांगितला. मधल्या वेळात काकू बोलत होत्या. नागपूरचा दवाखाना, तिथली उकाड्याची रात्र, लेकीचं येणं. नागपूरहून परत आल्यावर काकाजी आधी त्या मिस्त्रीच्या दुकानात गेले होते. दुकानातल्या गिऱ्हाइकांदेखत त्याला म्हणाले, की चूक माझी होती. मिस्त्री रडला, हे काकूंनी सांगितलं. काकाजी ते ऐकून घेत होते, पण त्यांचं लक्ष दुसरीकडं होतं. काकू आणि जावई दवाखाना पाहायला आत गेले, तेव्हा ते खुर्ची पुढं सरकवून बसले.

"बाई, तुमाले एक इचारू का? घरी नाई सांगतलं म्या."

"विचारा."

"मागच्या थंडीत मी परतवाड्याहून एकलाच येऊन राह्यलो होतो. संध्याकाळ होती. डाव्या अंगाले काईतरी लागलं. जोरानं नाई, पन लागलं. मी उतरलो नाई. म्हनलं, फांदी असंन. बाभळीच्या फांद्या रस्त्यावर येतातच तिकडं." ते आणखी पुढं वाकले. "फांदीच होती का ते?"

"ते आता मला सांगता येणार नाही, काकाजी," मी म्हटलं.

"मी जाऊन आलो तिकडं. जावयाले म्हनलं, देवीले जाऊन येऊ. त्या रस्त्यावरच्या दोन्ही गावांत इचारलं. मागच्या साली इथं कोनाले गाडी लागली होती का? नाई म्हने. कोनाचं ढोर? नाई म्हने. एका म्हाताऱ्यानं म्हनलं, लागलीबी असंन, वाटसरू असंन कोनी." त्यांनी उजवा डोळा पुसला. ऑपरेशनच्या डोळ्याला पाणी येतं, तसंही असेल. "मिस्त्रीची माफी मागता आली, बाई. ह्याची कोनापाशी मागू?"

मी डॉक्टर होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती, पण एवढं शिकले होते, की काही वेळा माणसाला औषध नको असतं आणि सांत्वनही नको असतं. मी त्यांना भाद्रपदातल्या त्या बाईची हकिकत सांगितली. नाला, बैल, माझ्या बोटांखालची नाडी आणि तिची सासू काय म्हणाली ते. आजवर ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी सगळं ऐकलं. "लेकरू वाचलं का?" त्यांनी विचारलं. "वाचलं," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. चहा आला. त्यांनी बशीत ओतून तो सगळा प्यायला.

जीप मलाच द्यायची म्हणून ते आले होते. व्यवहार भाऊंच्या साक्षीनं ठरला आणि त्यात दोन्ही बाजूंनी ताणाताण झाली नाही. जावयानं चावी भाऊंच्या हातात ठेवली. मंडळींना दुपारच्या गाडीला पोचवायला भाऊच त्याच जीपनं अकोल्याला गेले. परत आल्यावर मला म्हणाले, काकाजी सगळा रस्ता पुढं बसले होते आणि स्टेशनवर उतरल्यावर त्यांनी गाडीकडं वळूनही पाहिलं नाही.

नवी जीप चिखलात कधी अडकली नाही असं नाही. अडकली, पण निघाली. त्या पावसाळ्यात आणि पुढच्या अनेक पावसाळ्यांत तिनं किती बायका आणल्या याचा हिशोब आम्ही ठेवला नाही. काही त्यातूनही गेल्या. पण गाडीपायी कुणी गेली नाही. भाऊंनी डाव्या बाजूचे पोचे ठोकून काढले, पण रंग दिला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "चिखलात कोनाले दिसते?" जुनी जीप बेलखेडकडच्या एका शेतकऱ्यानं इंजिनासाठी नेली. विहिरीवर बसवून त्यानं काही वर्षं तिच्यावर पाणी ओढलं.

काकाजींची भेट त्यानंतर वर्षा-दोन वर्षांनी होत राहिली. मी कामानिमित्त अमरावतीला गेले की त्यांच्याकडं जायची, आणि चहा घेतल्याशिवाय ते मला उठू देत नसत. परतवाड्याच्या रस्त्याबद्दल ते पुन्हा एकदाच बोलले. म्हणाले, "रोज सकायी आठोन येते. येऊ देतो." साठ सालानंतर दोनतीन वर्षांत उजव्या डोळ्याची नजरही कमी कमी होत गेली. थेंब चालू होते, ऑपरेशन पुन्हा एकदा झालं, पण आजार जुना होता. शेवटी त्यांना उजेड आणि अंधार एवढंच कळायचं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते कापसाच्या हंगामात. ओसरीवर दोघं बसली होती. काकूंच्या नाकावर चष्मा होता आणि हातात वर्तमानपत्र. त्या चौथीपर्यंत शिकलेल्या आणि लग्नानंतर त्यांनी अक्षराला डोळा लावलेला नव्हता. सुरुवातीला एकेक अक्षर जुळवून वाचत, असं काकाजींनी मला सांगितलं होतं, आणि एक पान संपायला दुपार होई. आता त्या सरळ वाचत होत्या. आधी बाजारभाव, मग कुठल्याशा धरणाची बातमी, मग निधनवार्ता. मधेच एक जोडाक्षर अडलं. काकाजींनी ते सांगितलं नाही. त्यांनी फक्त वाट पाहिली. काकूंनी पुन्हा पाहिलं, तो शब्द नीट उच्चारला आणि पुढं वाचू लागल्या. मी फाटकापाशीच उभी राहिले, त्यांची बातमी संपेपर्यंत.